मारबतीच्या गळ्यातला चिमटा

माझ्या पलंगाखाली पत्र्याची एक पेटी आहे. मला दगा दिलेल्या वस्तू मी तिच्यात ठेवतो. तिसऱ्या दिवशी मान टाकलेला सायकलचा दिवा, भर उन्हात सालेकशाच्या रस्त्यावर ज्याचा दांडा उपटून माझ्या हातात आला तो पंप, जिच्यात माझा जेवणाचा डबा पोहत होता ती 'वॉटरप्रूफ' पिशवी. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली आहे आणि विकणाऱ्याने विकताना उच्चारलेलं वाक्य त्या चिठ्ठीवर लिहिलेलं आहे. 'आंख बंद करके ले जाओ.' 'वापस आया तो मेरा नाम बदल देना.' बायको या पेटीला भंगार म्हणते, मी पुरावा म्हणतो. माणसं विसरतात म्हणून दुकानदारांचं फावतं. मी विसरत नाही.

मी फुलचूरला राहतो आणि आमगावच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. जायला रेल्वे आहे, बस आहे, प्राध्यापकांच्या चारचाक्यांत रिकाम्या जागाही असतात. मी सायकलने जातो. सव्वा तास जायला, सव्वा तास यायला, गेली वीस वर्षं. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत ट्रॅक्टर बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला, चिखल रस्त्यावर आणून टाकतात, तो वाळला की दगडासारखा होतो. कापणी झाली की अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलेलं असतं आणि त्यावरून सायकल नेली की धानवाली म्हातारी शिव्या देते. राइस मिलच्या पट्ट्यात तर कोंड्याची बारीक धूळ हवेतच असते. चेनला तेल लावलं की आठ दिवसांत त्या धुळीचं पिठलं होतं. म्हणून मी तेल लावत नाही. रविवारी जुन्या पातेल्यात मेण वितळवतो, चेन उतरवून त्यात बुडवतो, आणि वाळली की परत चढवतो. त्या पातेल्यावरून आमच्या घरी झालेली भांडणं हा वेगळा विषय आहे.

नट घ्यायचा असला तरी मी खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढतो. दुकानदार हसतात. हसू देत. एका दुकानात मला आठ मिलिमीटरचा म्हणून दिलेला बोल्ट साडेसात निघाला, तेव्हा मी तो गल्ल्यावर आपटून सगळ्या गिऱ्हाइकांना बोलावून मोजून दाखवला होता. त्या दिवसासारखं समाधान मला फार थोड्या वेळा मिळालं आहे.

या स्वभावाचा एक फायदा झाला. कॉलेजात कोणालाही काही घ्यायचं असलं की तो आधी माझ्याकडे यायचा. मुलीसाठी सायकल, बापासाठी बॅटरी, घरासाठी शिलाई मशीन, काहीही. मी म्हटलं घ्या, की लोक घ्यायचे. मी म्हटलं नको, की दुकानातून परत यायचे. माझ्याकडे ना हुद्दा ना जमीन, पण माझ्या शब्दावर माणसं खिशात हात घालत. मला त्याचा गर्व होता. तो नव्हता असं सांगण्यात काही अर्थ नाही.

वीस वर्षांत मी एकाच दुकानदारावर भरवसा ठेवला. गोंदियातून फुलचूरकडे येणाऱ्या रस्त्यावर त्याचं सायकलचं दुकान आहे. सगळे त्याला सेठ म्हणतात, मीही म्हणायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी एका चकचकीत टायरकडे बोट दाखवलं, तर तो म्हणाला, "ये मत लो भाईसाब. आप रोज आमगाव जाते हो, ये आपको रास्ते में रुलाएगा." स्वतःचा माल स्वतः नको म्हणणारा दुकानदार मी त्याआधी पाहिला नव्हता. त्याने सुचवलेलं टायर चार वर्षं चाललं. त्याच्याकडून घेतलेली चामड्याची सीट आजही माझ्या सायकलवर आहे. माझ्या पत्र्याच्या पेटीत त्याच्या दुकानची एकही वस्तू नव्हती. मी लोकांना डोळे मिटून त्याच्याकडे पाठवायचो.

आमच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला, टेबलं पुसायला एक मावशी होत्या. चाळिशीच्या, रोजंदारीवर. आमगावपासून दोन कोस आत एक खेडं आहे, तिथून सायकलने यायच्या. माझ्याखेरीज कॉलेजात सायकलने येणाऱ्या त्या एकट्याच. म्हणून आमचं जरा जमायचं. मी त्यांच्या सायकलला हवा भरून द्यायचो, त्या मला मोहफुलं आणून द्यायच्या. एकदा त्यांच्या सायकलचा पुढचा चिमटा वाकला. चिमटा म्हणजे पुढचं चाक ज्या दोन लोखंडी पायांत बसतं तो. वाकला तर बदलावाच लागतो. मी म्हटलं, नवा घ्या, सेठकडूनच घ्या.

एका रविवारी त्या रेल्वेने गोंदियाला आल्या. मी त्या दिवशी चिचगडच्या जंगलात होतो. आमचा पाचसहा जणांचा सायकलवाल्यांचा गट आहे, रविवारी लांब जातो. चढावर मोबाइल वाजला.

"सर, सेठच्या दुकानात आहो जी. चिमटा घेऊन राह्यली. तुमी सांजेले येता का पाह्याले? मी थांबीन."

मला दम लागला होता. पुढचे लोक वळणाआड गेले होते आणि मला त्यांना गाठायचं होतं. मी म्हणालो, "सेठकडचाच आहे ना? डोळे मिटून घ्या."

नट मोजून घेणाऱ्या माणसाने हे सांगितलं. मोबाइल खिशात टाकला आणि पॅडल मारायला लागलो.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मावशी आल्या नाहीत. दुपारी आमच्या ऑफिसातल्या बाबूंनी सांगितलं, त्यांच्या गावच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरून उतरताना चिमटा मोडला, चाक निघून पुढे गेलं आणि त्या तोंडावर आपटल्या. उजवा हात मनगटातही गेला आणि कोपरातही. बाबू त्यांच्याच गावचे. ते बोलत होते आणि माझ्या कानशिलात रक्त चढत होतं. मी पहिला प्रश्न विचारला तो असा: "चिमटा कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी मी बाबूंना सांगून तो मोडका चिमटा मागवून घेतला. प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवला, भिंगाखाली धरला. काळा रंग खरवडला. उभी नळी जिथे दोन पायांना मिळते तिथेच तो तुटला होता, आणि तिथे रंगाखाली जुन्या वेल्डिंगची गाठ होती, ग्राइंडरने घासून सपाट केलेली. मोडका चिमटा जोडून, रंगवून नवा म्हणून विकलेला. ज्याने हे केलं त्याला ठाऊक होतं की यावर कोणीतरी बसणार आहे. मी ते पाहत बसलो. मी म्हटलं होतं म्हणून त्यांनी घेतला. वीस वर्षं जपलेला माझा शब्द त्या वेल्डिंगच्या गाठीवर मोडला होता.

संध्याकाळी सायकल थेट सेठच्या दुकानापुढे लावली. मुद्दाम गर्दीची वेळ साधली. चिमटा काउंटरवर आदळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हे काय आहे?"

त्याने चिमटा उचलला, उलटापालटा केला. त्याचा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. मग त्याने गिऱ्हाइकांकडे पाहिलं आणि चिमटा खाली ठेवला.

"ये हमारे यहां का नहीं है."

"तुमच्याकडचाच आहे. बाई इथे उभी राहून मला मोबाइल करत होती."

"तो चलाने वाले पे भी होता है भाईसाब. गड्ढे में डालोगे तो लोहा भी टूटेगा." मागचे दोघेजण हसले.

चोर तो चोर, वर शिरजोर. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तोही बोलला. शेवटी त्याने मला दुकानाबाहेर जायला सांगितलं आणि मी पायरीवरून म्हणालो, "याच रस्त्यावर, लोकांसमोर, तुझ्या तोंडून 'माल खोटा होता' असं वदवून घेईन, तेव्हाच थांबेन." वीस वर्षांत पहिल्यांदाच मी त्याला अरेतुरे केलं.

मग मी कामाला लागलो.

रविवारच्या गटातल्या सगळ्यांना तो चिमटा हातात देऊन दाखवला. त्यांनी तिथे जाणं बंद केलं. कॉलेजात सांगितलं, शेजारी सांगितलं, न्हाव्याकडे सांगितलं. न्हाव्याकडे सांगितलेली गोष्ट गोंदियाभर जाते. संध्याकाळी घरी येताना मी सेठच्या दुकानासमोरच्या टपरीवर चहा प्यायला थांबायचो, चहा नको असला तरी. कोणी सायकल घेऊन त्याच्या दारात वळायला लागला की मी हाक मारायचो, "अहो, जरा इकडे या." पिशवीतून चिमटा काढायचो, गाठ दाखवायचो. दहांतले सहा जण दुसरीकडे जायचे. सेठ आतून पाहायचा. तो बाहेर येऊन भांडला असता तर मला बरं वाटलं असतं, पण तो नुसता पाहायचा. मला वाटायचं, दोषी आहे म्हणूनच गप्प आहे.

घरी आलो की बायकोला सांगायचो, आज इतके वळवले. ती एकदा म्हणाली, "पुरे झालं की आता." मी म्हटलं, त्याने अजून कबूल केलेलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझी तब्येत उत्तम होती. सायकल हलकी चालायची, भूक चांगली लागायची. रागाने माणूस खंगतो म्हणतात. मला तर तो मानवला.

प्रयोगशाळेत एक दुसऱ्या बाई येऊन भांडी धुवायला लागल्या होत्या. तात्पुरत्या असतील, असं मी धरून चाललो. मावशींच्या हाताचं प्लास्टर निघालं असेल, रजेवर असतील, येतील. बाबूंना दोनदा विचारायचं मनात आलं, पण तेव्हा मी चिमट्याचे फोटो मोठे छापून घेण्याच्या खटपटीत होतो.

पोळा जवळ आला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत निघते. बांबू आणि तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, सांगाडा करतात, जुनं लुगडं नेसवतात, आणि वस्तीतून फिरवून शिवेबाहेर नेऊन टाकतात. वाटेत घराघरासमोर लोक ओरडतात, "खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत! ढेकूण-मच्छर घेऊन जाय गे मारबत!" वर्षभराची पीडा तिच्यासोबत गावाबाहेर जाते. नागपूरला हिचा मोठा उत्सव असतो, तिथे पुढाऱ्यांनाही सोडत नाहीत. आमची साधीच असते. यंदा ती मी करतो म्हणून पुढे झालो, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या काकाजींना नवल वाटलं.

"काऊन जी, आजवर कदी हात लावला नाई, अन् यंदा तुमीच करून राह्यले?"

"यंदा एक मोठी पीडा आहे, काकाजी," मी म्हटलं.

चार दिवस कॉलेजातून आल्यावर मी अंगणात बसून मारबत केली. डोकं म्हणून सायकलची जुनी रिंग लावली, केस म्हणून टायरच्या चिरलेल्या पट्ट्या. पलंगाखालची पेटी काढली आणि सगळे आरोपी तिच्या अंगावर लटकवले, पंप, दिवा, पिशवी, चिठ्ठ्यांसकट. आणि गळ्यात, छातीवर मधोमध, तो चिमटा. तारेने नाही बांधला. मी कुठलंच काम ढिलं करत नाही. बांबूला भोकं पाडून, पट्टी लावून, दोन बोल्टने आवळून बसवला. त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: रंगवलेला माल. घोषणाही मीच तयार केली आणि वस्तीतल्या लोकांना पाठ करून दिली: "जोडलेला चिमटा, रंगाचा फसवा, घेऊन जाय गे मारबत!" रस्ता दरवर्षी वस्तीच्या मागून शेताकडे जायचा. मी मंडळाच्या लोकांना म्हटलं, यंदा हमरस्त्याने जाऊ, जास्त लोक पाहतील. ते खूश झाले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास आम्ही सेठच्या दुकानापाशी आलो. डफडी वाजत होती, साठसत्तर माणसं होती. दुकान नुकतंच उघडलेलं होतं. मी मारबतीच्या पुढे, एका हाताने तिचा बांबू धरून. दुकानासमोर मी हात वर केला आणि सगळे थांबले. घोषणा सुरू झाली. पहिल्यांदा म्हटली, दुसऱ्यांदा म्हटली, लोकांना चाल आवडली आणि ते नाचायला लागले. टपरीवाला हसत होता. समोरच्या माडीवरून बायका पाहत होत्या. सेठ आतून उठून दारात आला. मला त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचं होतं, त्यासाठीच तर मी अडीच महिने घालवले होते.

पण त्याच्यामागून मावशी बाहेर आल्या.

आधी मी ओळखलंच नाही. त्यांनी अंगावर दुकानातल्यासारखा निळा कोट घातला होता आणि हातात स्पोकची जुडी होती. त्यांनी मारबतीकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मग पायरी उतरून सरळ माझ्यासमोर आल्या. डफडी वाजवणारा आपणहून थांबला.

"काऊन जी सर, हा चिमटा माया होय ना?"

"हो, तुमचाच."

"तं मले न इचारता कायले टांगला जी याले?"

"याला धडा शिकवायला," मी सेठकडे बोट दाखवलं. "तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं, मावशी."

"मायासाठी?" त्या आवाज चढवत नव्हत्या, त्यामुळे सगळ्यांना स्पष्ट ऐकू जात होतं. "मी घरी पडून होती. तुमी मानूस पाठवला, चिमटा मांगून नेला. माया हात पाह्याले एक डाव तरी आले का जी तुमी?"

"कॉलेजात दुसरी बाई ठेवली. तुमच्याच खोलीत काम करते थे. पहिली कोठी गेली, इचारलं का कोणाले?"

मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्ही रजेवर..."

"रोजंदारीले कोणती रजा असते जी?"

कोणीतरी मागून म्हणालं, चला, चला, पुढे घ्या. कोणी हललं नाही. मला अजूनही वाटत होतं की हे चुकीच्या माणसावर चाललं आहे. दोषी पायरीवर उभा होता. मी सेठकडे वळलो आणि म्हणालो, "हिला कामावर ठेवून तोंड बंद केलंत, एवढंच ना? तरी सांगा ना लोकांसमोर. माल खोटा होता की नाही?"

"खोटा था," सेठ म्हणाला. अगदी सहज, जणू कोणी भाव विचारला होता. "नागपुर से लॉट आया था, उसमें चार ऐसे निकले. आप आए उसी रात को खोल के देखे मैंने. दूसरे दिन इनके घर गया, हाथ जोड़े. बाकी तीन भी घर-घर जाके वापस लाया. इनका काम गया सुना, तो चार दिन पहले यहीं रख लिया."

"मग मला का नाही सांगितलं? त्याच दिवशी, इथे?"

"आपको क्यों बोलता, भाईसाब? चिमटा आपका था क्या?"

मला जे ऐकायचं होतं ते मी भर रस्त्यात, साठसत्तर लोकांसमोर ऐकलं होतं. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने लोकांकडे वळून दोन्ही हात वर केले असते. मी मारबतीचा बांबू तसाच धरून उभा राहिलो.

मावशी म्हणाल्या, "काढून द्या जी थो. मारबतीसंग नाई जाऊ देत मी. माया हात मोडला याच्यानं, याचं काय कराचं थे मी पाहीन."

मारबत रस्त्यावर आडवी ठेवावी लागली. मी गुडघ्यावर बसलो आणि बोल्ट हाताने फिरवून पाहिले. फिरणार नव्हते, मीच आवळले होते. सेठ आत गेला आणि एक पाना आणून त्याने माझ्यापुढे धरला. बरोबर मापाचा होता. मी तो घेतला. आजवर मी हजारो बोल्ट उघडले असतील, पण ते दोन उघडायला मला जेवढा वेळ लागला तेवढा कधी लागला नसेल. पाना दोनदा घसरला. घाम डोळ्यांत जात होता. माझ्या भोवती वस्तीतले लोक, ज्यांना मी चार दिवस घोषणा शिकवली होती ते, उभे होते, आणि माडीवरच्या बायका खाली वाकून पाहत होत्या. मला सेठचा राग येत होता, बाबूंचा येत होता, हे सगळं मला आधी न सांगणाऱ्या अख्ख्या आमगावचा येत होता. अजूनही येतो. पण त्यांतल्या कोणाचंही नाव घेऊन ओरडता येईना.

चिमटा निघाला. मावशींनी तो काखेत धरला आणि पायरी चढल्या. मारबतीच्या छातीला मोठं खिंडार पडलं होतं, तिथून तणीस बाहेर आलं होतं. काकाजी पुढे झाले, खोकले, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत!" लोकांनी सुटल्यासारखं ते उचललं. चौघांनी मारबत उभी केली आणि डफडी पुन्हा सुरू झाली. गर्दी पुढे निघून गेली. मला कोणी चला म्हटलं नाही.

मी सेठचा पाना परत द्यायला दुकानात गेलो. सेठ मागच्या बाजूला एक वाकडं चाक सरळ करत बसला होता, त्याने मान वर केली नाही. मावशी काउंटरमागे होत्या. मी पाना ठेवला आणि विचारलं, "हात कसा आहे?"

"बरा आहे. मूठ नाई होत पुरी."

त्यांनी उजवा हात उचलून मला दाखवला. बोटं अर्धी मिटली आणि तिथेच थांबली. दोन क्षण त्यांनी तो तसाच धरून ठेवला, मग खाली घेतला. मला वाटलं, आता काही बोलतील. त्यांनी गिऱ्हाइकाकडे पाहतात तसं माझ्याकडे पाहिलं.

"काई घ्याचं होतं का जी, सर?"

मी ब्रेकचे रबर मागितले. डबा वरच्या फळीवर होता. त्यांनी तो डाव्या हाताने काढला.